तुरटी फिरवलेलं पाणी

“कुलूप काढ! काढ म्हणते ना कुलूप! तुझ्या घरचं मशीन हाय का रे ते?”

सुभद्रामावशींचा आवाज असा, की समोरच्या बसस्टँडवरून निघालेली गाडी ड्रायव्हरनं घाबरून पुन्हा फलाटाला लावली. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा. मी डायलिसिसच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभा होतो. किल्ली माझ्या खिशात. समोर डायलिसिसचे सगळे पेशंट, त्यांचे नातेवाईक, गेटवरचा चहावाला आणि ज्याचा कशाशीच संबंध नव्हता असा एक शेळीवाला. शेळीसुद्धा माझ्या विरोधातच होती.

“मावशी, पाणी खराब आहे. आज कोणालाच मशीन लावता येणार नाही.”

“लावता येणार न्हाई? मंगळवारी लावलंय ह्यांना, आज शुक्रवार हाय. ह्यांचे पाय बघ. बघ ना! डोळे फुटले का तुझे?”

‘हे’ म्हणजे त्यांचे यजमान दत्तूतात्या, रिटायर कंडक्टर. ते भिंतीला टेकून बाकावर बसले होते. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांतून पुरीसारखे वर आले होते. ते नुसता श्वास घेत होते, आणि तेवढंच काम त्यांना पुरून उरलं होतं.

“मला पाय दिसतात, मावशी. पण पाणीच खराब आहे तर...”

“कसं काय खराब?” मावशींनी पदर खोचला आणि सगळ्या जनतेकडं वळल्या. “सांगा हो तुम्ही! टँकरचं पाणी चहावानी येतंय म्हणून मी सोता त्या टाकीत तुरटी फिरवून राह्यले! उन्हाळा लागल्यापासून! एक खेप चुकवली न्हाई! ह्यांना मशीन लावलं की मी मागं टाकीवर. तळ दिसतोय टाकीचा, तळ! आन् हा म्हणतोय पाणी खराब!”

लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारी म्हणाली, “पुण्याचं काम केलंस बाई.” शेळीवाल्यानंही दुजोरा दिला.

मी मात्र मावशींच्या तोंडाकडं बघतच राहिलो. 

हे असं का झालं ते कळायला थोडं मागं जावं लागेल. शिवाय दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर बजावलं होतं, “तुमच्या कामातल्या गमती लिहा. दिवाळी आहे, लोकांना हसवा.” गमती माझ्याकडं ट्रॉलीनं पडल्यात. त्यातल्या चार आधी उतरवून ठेवतो, म्हणजे खालचा माल काढायला जागा होईल.

बायोमेडिकल इंजिनिअर म्हणजे काय, हे आमच्या जालना जिल्ह्यात दोघांनाच माहीत आहे. एक मी आणि दुसरी माझी आई. त्यातही आईची खात्री नाही. नातेवाइकांच्या हिशेबात मी अर्धा डॉक्टर. लग्नात पंगतीला बसलो की शेजारच्याचा गुडघा माझ्या पुढ्यात येतो. एका काकांनी तर भर हळदीत मला जीभ दाखवली. खरं म्हणजे मी माणसाला हातही लावत नाही. माणसाला ज्या तारा, नळ्या, पट्टे लावतात, त्यांच्या दुसऱ्या टोकाला जो डबा असतो तो माझा पेशंट. डबा आजारी पडला की मला बोलावतात.

पहिली नोकरी नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावर, दवाखान्याच्या सामानाच्या दुकानात. तिथं मी एका सळईच्या व्यापाऱ्याला आयसीयूचा पलंग विकला. एक बटण दाबलं की डोकं वर, दुसरं दाबलं की पाय वर. मी विचारलं, “पेशंट कोण आहे, शेठ?” तर म्हणाले, “पेशंट कशाला पाहिजे? दुपारचं जेवल्यावर आडवं व्हायला.” पुढं एका दुपारी लाईट गेली तेव्हा शेठजींचं डोकंही वर होतं आणि पायही वर होते. मधे शेठजी, मिटलेल्या पुस्तकासारखे. मी जाऊन खालचं हँडल फिरवून त्यांना उघडलं. त्यांनी पहिला शब्द काढला तो ‘वॉरंटी’.

दुसरी नोकरी एमआयडीसीत, सळयांच्या रोलिंग मिलमध्ये. माझ्या डिग्रीत ‘मेडिकल’ शब्द दिसला म्हणून त्यांनी मला सेफ्टीत घेतलं. काम काय, तर मलमपट्टीचा डबा सांभाळायचा आणि तापलेली लाल सळई नागासारखी सळसळत निघाली की बाजूला व्हायचं. तिथल्या रशीदभाईंची दोन बोटं रोलरनं खाल्ली होती. त्यांना मी सायकलच्या ब्रेकची तार, सलाईनची नळी आणि पत्र्याचे तुकडे जोडून दोन बोटं करून दिली. मनगट वाकवलं की बोटं मिटायची. हे माझं खरं वेड. आजही माझ्या खाटेखाली अर्धेमुर्धे हात पडलेले असतात आणि झाडताना आई किंचाळते. रशीदभाईंनी ती बोटं आठवडाभर वापरली आणि मला निकाल दिला, “बेटा, पकडने कू तो कुछ नहीं आता, पण पाठ एक नंबर खाजवतंय.”

मग लागलो तिसऱ्या ठिकाणी. जिल्ह्यातल्या दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायचं कंत्राट एका कंपनीकडं होतं, तिच्यात. एक मोटारसायकल, एक पोत्याएवढी बॅग आणि अख्खा जिल्हा. एका आरोग्य केंद्रात एका आजोबांचा ईसीजी काढला तर कागदावर हृदयाचे नुसते करवतीचे दात. डॉक्टर घामेघूम. आजोबा मात्र तंबाखू मळून राह्यलेले. मी शोधत शोधत भिंतीपलीकडं गेलो तर पिठाची गिरणी, आणि दोन्हीकडची वायर एकच. गिरणीवाल्याला म्हणालो, “दोन मिनिटं बंद कर.” तो म्हणाला, “जोंधळे अर्धे झालेत.” आजोबांच्या छातीतून जोंधळे दळून झाल्यावर ईसीजी नॉर्मल आला.

आणि खंडेनवमी! त्या दिवशी आपल्याकडं विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग दवाखान्यातल्या यंत्रांनी काय घोडं मारलंय? एका ठिकाणी वॉर्डातल्या मावश्यांनी भक्तिभावानं प्रत्येक यंत्राला हळदीकुंकू वाहिलं. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजतात ना, त्या चिमट्याच्या आतल्या दिव्यालाही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वॉर्डातल्या समस्त पेशंटांचा ऑक्सिजन मेलेल्या माणसाइतका. सिस्टर पळताहेत, सिलिंडर गडगडताहेत, आणि पेशंट बसून आपट्याची पानं वाटताहेत. मी स्पिरिटच्या बोळ्यानं कुंकू पुसलं आणि वॉर्ड जिवंत केला. त्या दिवशी मला देवापेक्षा जास्त नमस्कार मिळाले.

तर असा मी. यंत्रांचे आवाज हुबेहूब काढायचो. व्हेंटिलेटरचा अलार्म असा काढायचो की गाढ झोपलेला डॉक्टर उठून पळायचा. मित्रांच्या लग्नात वाजंत्रीवाल्यांपेक्षा मला मागणी. चार वर्षांत मला वाटायला लागलं होतं की या जिल्ह्यातलं एकही यंत्र मला फसवू शकत नाही.

यंत्रानं फसवलं नाहीच. तिथून पुढं सांगतो.

भोकरदनच्या पलीकडच्या एका गावी सरकारी दवाखान्यात डायलिसिसची खोली होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं मला अजून चहा मिळतो. तीन मशीनं, तीन खाटा, आणि आठवड्यातून दोनदा येणारे ठरलेले पेशंट. ज्यांना हे काय असतं ते माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. आपली किडनी रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी काढून लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी बसली की ती घाण आणि ते पाणी अंगातच राहतं. पाय सुजतात, मग छातीत पाणी चढतं, मग माणूस कोरड्या खाटेवर बुडून मरतो. म्हणून त्याचं रक्त नळीनं बाहेर काढायचं, मशीनमध्ये धुवायचं आणि परत अंगात सोडायचं. एका खेपेला चार तास.

आता धुवायचं कशानं? पाण्यानं. मशीनमध्ये एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पडद्याच्या या अंगानं रक्त वाहतं, त्या अंगानं पाणी. एका माणसाच्या एका खेपेला मोठा ड्रम भरून पाणी लागतं. तुम्ही-आम्ही पाणी पितो ते पोटातून, आतड्यातून, किडनीतून गाळून जातं. काही वाईट असलं तर बाहेर पडतं. डायलिसिसवाल्याच्या रक्ताला पाणी थेट चाटून जातं, आणि आत आलेलं बाहेर टाकायला त्याच्याकडं किडनी नसते. त्यामुळं प्यायला चांगलं असलेलं पाणीही त्याला विष होऊ शकतं. म्हणून मशीनच्या आधी एक मोठा फिल्टर बसवलेला असतो. घरच्या आरओचा थोरला भाऊ समजा. तो धड आहे की नाही हे बघणं माझं काम.

दत्तूतात्या तिथले सगळ्यात जुने गिऱ्हाईक. मोसंबीच्या जिल्ह्यात जन्म काढला आणि म्हातारपणी मोसंबी बंद. तरी माणूस रंगेल. खोलीत आले की, “चला, पुढं सरका, मधे जागा हाय!” मला इंजिनिअर कधीच म्हणाले नाहीत. मेकॅनिक. हातात जाड सुया टोचायची वेळ आली की ते डोळे मिटून थांबे म्हणायचे. भोकरदनपासून सुरू. केदारखेडा, राजूर, मधले सगळे फाटे, झाडं, मंदिरं, एका दमात जालन्यापर्यंत. जालना आलं की डोळे उघडायचे आणि सिस्टरला विचारायचे, “टोचलं का? मंग मारा डबल बेल!” सिस्टर खरंच तोंडानं ‘टिंग टिंग’ करायच्या. पंचवीस वर्षं नोकरी झालेली ती बाई इतर कोणाशी धड हसत नव्हती.

सुभद्रामावशी तोवर बाहेर. चार तास बसून काय करायचं? त्यांचा स्वभाव बसायचा नाही. खोलीचा व्हरांडा झाड, दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला पाणी दे, सिस्टरच्या कुंडीतल्या तुळशीची वाळकी पानं काढ. आणि उन्हाळ्यात, नळ आटले आणि टँकर सुरू झाले तेव्हा, त्यांनी मागची टाकी बघितली. पाणी मातकट, लालसर. आपल्याकडच्या कुठल्याही बाईनं जे केलं असतं तेच त्यांनी केलं. घरी टँकरचं पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसतो, वर नितळ पाणी. इथं तर नवऱ्याचं रक्त धुवायचं होतं. त्यांनी बाजारातून मुठीएवढा खडा आणला, धडप्यात बांधला, वेळूच्या काठीला लावला आणि टाकीचं झाकण उघडून फिरवला. दर खेपेला. कोणाला विचारायचं कारणच नव्हतं. देवळातला दिवा सारखा करताना कोणी विचारतं का?

मला एवढंच दिसत होतं की फिल्टर भराभर तुंबून राह्यलेत. पहिल्या जाळीवर पांढरट, बुळबुळीत थर. धुतला की पुढच्या आठवड्यात परत. टाकीत डोकावलं तर पाणी झऱ्यासारखं. टँकरवाल्याला विचारलं, तर तो छाती फुगवून म्हणाला, “नवी विहीर धरलीय साहेब, मिनरल वॉटर हाय बिलकुल.” मग त्या मोठ्या फिल्टरच्या आतलं मेंब्रेन, म्हणजे गाळायची खरी नळी, खचायला लागलं. गाळून आलेल्या पाण्यातल्या क्षारांचे आकडे चढायला लागले. आणि एका मंगळवारी सुया टोचताना तात्या केदारखेड्याला अडकले.

“भोकरदन... के... के... के...” डोळे मिटलेलेच. मग उघडले आणि हसले. “गाडी पंक्चर झाली, मेकॅनिक.”

सगळे हसले. मीही. पण दुसऱ्या खाटेवरच्या बाईचेही हात हल्ली थरथरत होते, आणि सिस्टर माझ्याकडं बघून हसल्या नाहीत. मी त्याच दिवशी पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली.

शुक्रवारी सकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. पाण्यात ॲल्युमिनियम, आणि किती, तर मी ते दोनदा वाचलं. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. तुमच्या-माझ्या अंगात गेलं तर किडनी ते फेकून देते. यांच्या अंगात ते साठतं. हाडांत जातं, मेंदूत जातं. जीभ जड होते, शब्द अडकतात, हात थरथरतात, मग माणूस माणसं विसरतो. मी खोलीला कुलूप लावलं. वाटलं, टँकरवाल्यानं कुठून काय भरून आणलं कोण जाणे.

आणि मग दारात मावशी ओरडल्या, आणि कोणी काय टाकलं ते मला सगळ्या गावासमोर कळलं.

 मी त्यांना एवढंच म्हणालो, “मावशी, आता टाकीत काही टाकू नका. टाकी रिकामी करायचीय.” त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग कोणीतरी ओरडलं, “ॲम्ब्युलन्स आली, जालन्याला घेऊन चाललेत,” आणि गर्दी तिकडं पळाली.

तात्यांना मी हात धरून गाडीत चढवलं. ते पायरीवर थांबले. मावशी पिशव्या आणायला गेल्त्या.

“मेकॅनिक.” श्वास घेतला. “तु... तुरटीनं जीभ अडकते का रे?”

अख्ख्या जिल्ह्याला थापा मारणारा मी. शेठजीला पुस्तकासारखा मिटवणारा, आजोबांच्या छातीत जोंधळे दळणारा. त्या घडीला मला एक धड थाप सुचेना.

“तुरटीनं कुठं काय होत असतं, तात्या.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं विनातिकीट माणसाकडं बघतात.

“नको मारू थापा.” परत श्वास. “तिला सांगू नको. घरात नितळ पाणी असल्याबिगर... ह्या बाईनं मला कधी तांब्या दिला न्हाई.”

मावशी पिशव्या घेऊन आल्या. गाडी गेली.

जालन्याला आधीच पेशंटांची रांग. तिथल्या लोकांनी जमेल तसं सगळ्यांना घेतलं. तात्यांच्या वाट्याला चारच्या जागी दोन तास आले. सोमवारी परत बोलावलं, तर ॲम्ब्युलन्स दुसरीकडं गेल्ती. दोघं एसटीनं गेले, दिवसभर बसले, नंबर लागला नाही, परत आले.

इकडं मी टाकीत उतरलो. अक्षरशः. पँट गुडघ्यापर्यंत, हातात खराटा, आणि पायाखाली तो पांढरा चिखल. नवं मेंब्रेन कंपनीकडून यायला वेळ लागणार होता, म्हणून मोटारसायकल काढून छत्रपती संभाजीनगरला गेलो आणि ती हातभराहून लांब नळी पाठीला बांधून आणली. रस्त्यात पोलिसानं थांबवलं. “हे काय, तोफ?” मी म्हणालो, “किडनी.” त्यानं सोडलं. मेंब्रेन बसवलं, टाकी धुतली, दुसऱ्या विहिरीचं पाणी भरलं, गाळलेलं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवलं. आता रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं.

मंगळवारी सकाळी मावशी तात्यांना जीपमध्ये घालून घेऊन आल्या. तात्या मागच्या सीटवर उताणे, तोंड उघडं. मी तयारीत होतो. म्हटलं, आता मावशी ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, “आज?”

सिस्टरनं मला बाजूला घेतलं. डॉक्टरही आले. डॉक्टर म्हणाले, “एक खेप लावून घेऊ. फिल्टर नवा आहे, टाकी धुतलीय. पाणी तर चांगलं दिसतंय.”

“मागचंही चांगलंच दिसत होतं, सर.”

“ह्यांची अवस्था बघा.”

“या दुसऱ्या विहिरीच्या पाण्यात काय आहे मला माहीत नाही. बाकीचेही सगळे बाहेर बसलेत. एकाला लावलं तर सगळ्यांना लावावं लागेल. रिपोर्ट येऊ द्या.”

“मग जबाबदारी तुमची.”

“हो.”

 सिस्टरनं तात्यांना ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, आणि जालन्याला फोन लावून नंबर मागत राहिल्या. मी मावशींना सांगितलं, “मावशी, आज नाही. उद्या-परवा. तात्यांना जालन्याला घेऊन जा, सिस्टर बोलून राह्यल्यात.”

त्या “बरं” म्हणाल्या. एवढंच. ज्या बाईनं शुक्रवारी बस थांबवली होती तिनं “बरं” म्हणून जीपचं दार लावलं. मला वाटलं, ओरडून ओरडून थकल्या असतील.

त्या दिवशी जालन्यात त्यांना लावलं. पण छातीत पाणी फार चढलं होतं. मशीनवरच बीपी पडला, मधेच काढावं लागलं.

गुरुवारी दुपारी रिपोर्ट आला. पाणी स्वच्छ. चोख. मी दार उघडलं, तिन्ही मशीनं चालू केली, त्यांची सुरू होतानाची शिट्टी ऐकली आणि पहिला फोन तात्यांच्या घरी लावला. फोन पुतण्यानं उचलला. म्हणाला, “तात्या सकाळीच गेले, साहेब. मातीला घेऊन निघालोत.”

त्या मंगळवारी टाकीत जे पाणी होतं तेच बाटलीत होतं. बाटलीतलं पाणी स्वच्छ निघालं. म्हणजे मंगळवारी मशीन लावलं असतं तर चाललं असतं. हे मला कळतं. हेही कळतं की मंगळवारी ते कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या कॉलेजच्या सरांना विचारलं, ते म्हणाले, “बरोबर केलंस.” डॉक्टर म्हणाले, “बरोबर केलंत.” कंपनीनं तर माझं उदाहरण द्यायला सुरुवात केली. थरथरणाऱ्या हातांची ती बाई हळूहळू सुधारली. तिच्या मुलानं मला पेढे दिले. मी ते बॅगेत ठेवले आणि ते तिथंच राहिले, मुंग्या लागेपर्यंत. रशीदभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी खऱ्या हातानं माझा खांदा दाबला आणि तेही तेच म्हणाले, बराबर किया. इतक्या लोकांनी एकच गोष्ट बरोबर म्हटली की ती ऐकवत नाही.

तेव्हापासून मशीनचे आवाज काढायला कोणी सांगितलं तर मी घसा बसलाय म्हणतो. काम चालू आहे. मोटारसायकल तीच आहे. सगळ्या टाक्यांना आता कुलपं बसवलीत, आणि कुलूप लावताना दरवेळी वाटतं की आत कोणीतरी चांगला माणूस अडकवतोय.

तेरावं झाल्यावर मी मावशींकडं गेलो. गावाबाहेर दोन खोल्यांचं घर, अंगणात शेवगा, दारात धुतलेल्या पितळी घागरी उपड्या घातलेल्या. मावशींनी सतरंजी टाकली. आत जाऊन चहा ठेवला. भिंतीवर तात्यांचा गणवेशातला फोटो, छातीवर बिल्ला. मी मोटारसायकलवर अख्खा रस्ता एक गोष्ट रचत आल्तो. तात्यांनी सांगितलं होतं, तिला सांगू नको. नुसतं गप्प बसणं मला जमत नाही, माझा स्वभाव नाही. गप्प बसलो असतो तर त्यांनी विचार केला असता. म्हणून मी ठरवलं होतं, अशी थाप मारायची की त्या बाईच्या डोक्यात दुसरा विचार यायला जागाच राहू नये.

चहाची बशी माझ्यापुढं ठेवून त्या समोर बसल्या.

“मावशी,” मी म्हणालो, “त्या पाण्याचं कळलं. सगळं कळलं.”

आणि मी सुरू झालो. टँकरवाला कसा लबाड. एमआयडीसीत सळया धुवायचं ॲसिड असतं, ते तो चोरून त्याच टँकरमधून न्यायचा. ॲसिड टाकून आला की टँकर न धुता विहिरीवर. मी त्याला कसा धरला, बसस्टँडमागं कसा पाठलाग केला, तो टँकर सोडून तुरीच्या रानात कसा पळाला, त्याच्या टँकरची तोटी उघडून मी बोट घातलं तर बोटाची कातडी कशी निघाली. बोट दाखवलंसुद्धा, पान्यानं सोललेलं होतंच. पोलीस कसे आले, इन्स्पेक्टर मला काय म्हणाला, टँकरवाला रडत कसा पाया पडला, सगळं. अशी बिनतोड थाप मी जन्मात मारली नव्हती. शेवटी म्हणालो, “त्याच्यामुळं झालं, मावशी. दुसऱ्या कोणामुळं न्हाई.”

 मावशी पदराच्या टोकाला गाठ मारून राह्यल्या होत्या, सोडून राह्यल्या होत्या.

“मला त्याच दिवशी, दारात, तुझ्या तोंडाकडं बघून कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “चहा घे, निवून राह्यला.”